बी, किरणोत्सर्ग आणि रोपाची वाढ: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

‘बी उगवले, म्हणजे त्याला काही झाले नाही’ असे गृहीत धरून विचारलेले प्रश्न सर्वांत जास्त येतात. म्हणून खालची बरीच उत्तरे फिरून त्याच मुद्द्यावर येतील. उगवण ही किरणोत्सर्गाच्या परिणामाची फार कच्ची कसोटी आहे. खरी हकीकत मुळाची लांबी सांगते, रोपाची उंची सांगते, परागकण सांगतात आणि सर्वांत जास्त सांगते ती पुढची पिढी.

इथे ‘किरणोत्सर्ग’ म्हणजे नेमके कोणते किरण?

मुख्यतः आयनकारी प्रारण: क्ष-किरण, गॅमा किरण, न्यूट्रॉन, इलेक्ट्रॉनांचा झोत आणि जड आयनांचा झोत. या सगळ्यांत रेणूतला इलेक्ट्रॉन उडवून लावण्याइतकी ऊर्जा असते. अतिनील किरण, मायक्रोवेव्ह आणि मोबाइलच्या लहरी यांचे काम वेगळ्या रीतीने चालते, म्हणून त्यांचे प्रश्न पुढे वेगळे घेतले आहेत.

साधा प्रकाशही प्रारणच आहे, हे मात्र विसरू नये. लेट्यूसच्या काही जातींचे बी अंधारात उगवत नाही. त्यावर ६६० नॅनोमीटरच्या आसपासचा तांबडा प्रकाश क्षणभर पाडला की ते उगवते. लगेच पाठोपाठ ७३० नॅनोमीटरचा, डोळ्याला जेमतेम दिसणारा गडद तांबडा प्रकाश दिला की पुन्हा थांबते. १९५२ मध्ये अमेरिकेतल्या बेल्ट्सव्हिल इथल्या संशोधकांनी हा खेळ आलटून-पालटून करून दाखवला आणि त्यातूनच पुढे फायटोक्रोम हे प्रकाश ओळखणारे रंगद्रव्य हाती लागले. तिथे प्रारण म्हणजे बियाला मिळालेला निरोप असतो. गॅमा किरण निरोप देत नाहीत, मोडतोड करतात.

मात्रा कशात मोजतात? ‘ग्रे’ म्हणजे किती?

एक किलो पदार्थाने एक ज्यूल ऊर्जा शोषली तर ती मात्रा एक ग्रे. जुन्या लेखांत ‘रॅड’ दिसेल. १०० रॅड म्हणजे एक ग्रे. सिव्हर्ट हे एकक माणसाच्या शरीराला होणाऱ्या धोक्यासाठी बेतलेले आहे, बियांसाठी ते वापरू नये.

हा आकडा डोळ्यांसमोर येण्यासाठी एक हिशेब करून पाहा. भाताच्या बियांना प्रयोगात बहुधा २०० ग्रे किंवा त्याहून थोडी अधिक मात्रा देतात. तेवढीच ऊर्जा उष्णता म्हणून पाण्यात ओतली तर पाणी एका अंशाच्या विसाव्या भागाइतके, म्हणजे साधारण ०.०५ अंश सेल्सियस तापेल. हाताला जाणवणारसुद्धा नाही. माणसाच्या पूर्ण शरीराला मात्र एकदम चार-पाच ग्रे मिळाले आणि उपचार झाले नाहीत, तर निम्मी माणसे दगावतात. किरणोत्सर्गाने बी ‘भाजते’ ही समजूत म्हणूनच चूक आहे. ऊर्जा थोडीच असते, पण ती नको त्या ठिकाणी, नको तितकी एकवटून पडते.

किरणोत्सर्ग दिलेले बी उगवते का?

बहुतेक वेळा उगवते, आणि चकवा बसतो तो इथेच.

कोरड्या बियात भ्रूण तयार असतो. मूळ कुठून निघणार, पहिली पाने कुठली, हे आधीच ठरलेले असते. बियाला पाणी मिळाले की भ्रूणातल्या पेशी पाणी पिऊन फुगतात, लांबतात आणि मूळ टरफल फोडून बाहेर येते. या पहिल्या पायरीला पेशींनी विभागायची फारशी गरज नसते, लागणारी बरीच सामग्री बियात साठवलेली असते. किरणोत्सर्गाचा घाव सर्वांत खोल बसतो तो पेशीविभाजनावर. त्यामुळे विभाजन पार कोलमडलेले बीसुद्धा ‘उगवले’ या रकान्यात जाऊन बसते.

१९६०च्या दशकात अमेरिकेतल्या ओक रिज प्रयोगशाळेत ॲलन हेबर आणि सहकाऱ्यांनी ही गोष्ट टोकाला नेऊन तपासली. गव्हाच्या बियांना त्यांनी पाच हजार ग्रेच्या घरातली प्रचंड मात्रा दिली. बी तरीही उगवले, हिरवे पानही वर आले. त्या रोपात एकही नवी पेशी तयार होत नव्हती. होत्या त्याच पेशी लांबत होत्या. अशा रोपांना त्यांनी ‘गॅमा प्लँटलेट’ म्हटले. ही रोपे काही दिवस तग धरतात, मग जागच्या जागी थबकतात आणि मरतात. पाचव्या दिवशी मोजणी करून कुणी ‘उगवण उत्तम’ असे लिहिले, तर आकडा खरा असेल आणि निष्कर्ष साफ चुकीचा.

मग मोजायचे काय?

मूळ मोजा. मुळाच्या टोकाशी असलेली विभाजी ऊती सतत नव्या पेशी घालत असते, म्हणून इजा तिथे आधी दिसते. सात दिवसांनी मुळाची लांबी, चौदा दिवसांनी जमिनीवरच्या भागाची उंची, महिन्याभराने जगलेली रोपे, आणि फुलोऱ्यानंतर भरलेल्या दाण्यांचे प्रमाण, असा क्रम ठेवला तर चित्र बरेच पूर्ण होते.

संशोधनात दोन आकडे नेहमी काढतात. ज्या मात्रेला निम्मी रोपे मरतात ती ‘निम्मी मारक मात्रा’ आणि ज्या मात्रेला रोपांची उंची निम्मी होते ती ‘निम्मी वाढ मात्रा’. समजा, किरण न दिलेली रोपे चौदाव्या दिवशी १२ सेंटीमीटर उंच आहेत आणि २५० ग्रे दिलेली ६ सेंटीमीटर. तर त्या वाणाची निम्मी वाढ मात्रा २५० ग्रे. मला यातला दुसरा आकडा जास्त भरवशाचा वाटतो. मरणारी रोपे मोजायला महिनाभर लागतो आणि त्या महिन्यात बुरशी, ऊन, पाणी अशा इतर कारणांनीही रोपे जातात.

बियाच्या आत नेमके काय बिघडते?

गॅमा किरण पेशीतून जाताना दोन वाटांनी इजा करतो. कधी तो थेट डीएनएवर आदळतो. कधी वाटेतल्या पाण्याचा रेणू फोडतो आणि त्यातून हायड्रॉक्सिल मूलक तयार होते. हे मूलक फार थोडा काळ टिकते, पण समोर जे येईल त्याच्याशी अभिक्रिया करते. समोर डीएनए असेल तर तोही सुटत नाही.

डीएनएची एकच बाजू तुटली तर पेशी दुसऱ्या बाजूवरून ती बहुधा बिनचूक सांधते. दोन्ही बाजू एकाच ठिकाणी तुटल्या की कठीण होते. वनस्पतींच्या पेशी असे तुटके शेव बऱ्याचदा सापडतील तसे जोडून टाकतात. त्यात काही अक्षरे गळतात, कधी एका गुणसूत्राचा तुकडा भलत्याच गुणसूत्राला चिकटतो. गुणसूत्रांची अशी गफलत घेऊन पेशी विभागू लागली की तुकडे मागे राहतात, मधे पूल तयार होतात आणि विभाजन फसते.

वनस्पतीची इथली हुशारी मला विलक्षण वाटते. प्राण्यांच्या पेशीत पी५३ नावाचे प्रथिन ‘थांब, दुरुस्त कर, नाहीतर मर’ असा हुकूम देते. वनस्पतींत ते नाही. त्यांनी त्याच कामासाठी सॉग१ नावाचे अगदी वेगळ्या घराण्यातले प्रथिन घडवले आहे. शिवाय वनस्पतीच्या पेशी भिंतीत बंद असल्यामुळे बिघडलेली पेशी शरीरभर फिरू शकत नाही, म्हणून प्राण्यांसारखा पसरणारा कर्करोग वनस्पतीत होत नाही. मुळाच्या टोकाशी सावकाश विभागणाऱ्या पेशींचा एक राखीव साठा असतो. आजूबाजूच्या पेशी मेल्या की तो त्यांची जागा भरून काढतो.

बी कोरडे असणे आणि भिजलेले असणे, यात इतका फरक का पडतो?

लुइस स्टॅडलर यांनी १९२८ मध्ये सातूवर क्ष-किरणांचे प्रयोग प्रसिद्ध केले, तेव्हाच हा फरक ठळक झाला. सुप्त बियांनी जी मात्रा सोसली तिचा लहानसा हिस्साही अंकुरणाऱ्या बियांना जड गेला. भिजलेल्या बियात पेशी जाग्या झालेल्या असतात, डीएनएची नक्कल सुरू झालेली असते आणि नेमक्या त्या वेळी आलेला घाव दुरुस्त व्हायला फुरसत मिळत नाही.

यावरून बी जितके कोरडे तितके सुरक्षित, असे वाटेल. पण ते तसे नाही. ओलावा फार खाली गेला, तर किरणांनी तयार झालेली मूलके बियात दीर्घकाळ अडकून राहतात आणि नंतर ऑक्सिजन मिळाला की इजा वाढवतात. बी कमीत कमी संवेदनशील असते ते साधारण १२ ते १४ टक्के ओलाव्याला. म्हणून प्रयोगशाळेत किरण देण्याआधी बिया ग्लिसरॉल आणि पाण्याच्या मिश्रणावर बंद भांड्यात काही दिवस ठेवून सगळ्यांचा ओलावा सारखा करून घेतात. ही पायरी गाळली की दोन ठिकाणचे निकाल कधीच जुळत नाहीत. किरण दिल्यानंतर बी किती दिवस ठेवले, हेही नोंदवायला हवे, कारण फार कोरड्या बियात ठेवल्या ठेवल्या नुकसान वाढत जाते.

एका पिकाला जी मात्रा मारते ती दुसऱ्याला काहीच करत नाही, असे का?

भाताला दोनशे-तीनशे ग्रे ही प्रयोगातली नेहमीची मात्रा. मोहरीच्या कुळातल्या बियांना हजार ग्रेच्या आसपास जावे लागते. उलट बाकला या शेंगवर्गीय पिकाला १०० ग्रेही जड जातात आणि पाइनचे बी त्याहूनही हळवे.

अमेरिकेतल्या ब्रुकहेव्हन प्रयोगशाळेत आर्नल्ड स्पॅरो यांनी कितीतरी वनस्पती तपासून यामागचे एक मुख्य सूत्र दाखवले: पेशीकेंद्रात प्रत्येक गुणसूत्राच्या वाट्याला येणारी जागा जितकी मोठी, तितकी वनस्पती हळवी. मोठे लक्ष्य सहज लागते, इतके सरळ. पाइन, कांदा, बाकला यांची गुणसूत्रे भलीमोठी असतात, मोहरीची चिमुकली. गुणसूत्रांचे अनेक संच असणाऱ्या जाती त्यामानाने काटक ठरतात, कारण एका संचातला जनुक गेला तरी दुसऱ्या संचात त्याची प्रत शिल्लक असते. सहा संचांचा गहू दोन संचांच्या गव्हापेक्षा जास्त सोसतो तो त्यामुळेच.

त्याच ब्रुकहेव्हनमध्ये १९६१ पासून जॉर्ज वुडवेल यांनी ओक आणि पाइनच्या जंगलाच्या मधोमध सीझियम-१३७चा स्रोत उभा केला आणि जंगल कसे मरते ते वर्षानुवर्षे पाहिले. पाइन सर्वांत दूरपर्यंत मेले. त्याच्या आत ओक टिकले, त्याच्या आत झुडपे आणि स्रोताच्या अगदी जवळ उरली एक गवतासारखी लव्हाळ्याच्या कुळातली वनस्पती. उंच ते बुटके अशी वर्तुळेच तयार झाली. एकाच जंगलातल्या शेजाऱ्यांची सोसण्याची ताकद किती वेगळी असते, ते त्या वर्तुळांत उघड्या डोळ्यांनी दिसत होते.

रोपाच्या वाढीत काय काय दिसते?

उगवण उशिरा होते, रोप खुजे राहते. पहिली पाने जाड, सुरकुतलेली, कधी एका बाजूला दुमडलेली निघतात. पानावर फिक्या किंवा पांढऱ्या पट्ट्या येतात, कारण एका पेशीत झालेला बदल त्या पेशीपासून तयार झालेल्या पट्ट्यातच राहतो. शेंडा मेला तर बाजूचे कोंब फुटून रोप झुडपासारखे होते. फुले येतात, पण परागकण पोकळ निघतात आणि दाणे भरत नाहीत.

यातली बरीच लक्षणे तात्पुरती असतात. मध्यम मात्रेचे रोप पहिले तीन-चार आठवडे रखडते आणि नंतर सावरते. काढणीच्या वेळी पाहणाऱ्याला ते वेगळे ओळखूही येणार नाही, असे पुष्कळदा होते. वांझपणा मात्र सहसा लपत नाही.

थोड्या मात्रेने वाढ जोमदार होते, हे खरे आहे का?

काही प्रयोगांत तसे दिसले आहे. काही ग्रेपासून वीसेक ग्रेपर्यंतच्या मात्रेनंतर उगवण लवकर झाली, मुळे लांब निघाली, असे निष्कर्ष बऱ्याच पिकांवर प्रसिद्ध झाले आहेत. किरणांमुळे थोडी मूलके तयार होतात, त्याने पेशीची संरक्षण यंत्रणा आधीच जागी होते, हे त्याचे एक पटणारे स्पष्टीकरण आहे.

अडचण अशी की हा परिणाम पुन्हा पुन्हा मिळत नाही. वाण बदलला, बियाचे वय बदलले, ओलावा बदलला की तो नाहीसा होतो, कधी उलटतो. सुरुवातीला दिसलेली आघाडी काढणीपर्यंत टिकेलच असे नाही. वीस बियांच्या प्रयोगात दहा टक्के फरक नुसत्या योगायोगानेही येतो. म्हणून ‘किरणांनी भारलेले बी जास्त उत्पन्न देते’ असे कुणी छातीठोक सांगत असेल तर त्याच्याकडे किरण न दिलेल्या बियांची तितकीच मोठी नोंद मागा. ती नसेल तर दावा बाजूला ठेवा. बियांच्या बाबतीत फसवणूक झाली की एक पूर्ण हंगाम जातो, म्हणून मी याबाबत इतका आग्रही आहे.

किरण दिल्यावर वेगळे रोप दिसले. नवा वाण मिळाला का?

बहुतेक वेळा नाही. किरण दिलेल्या बियांपासून आलेल्या पहिल्या पिढीत जे दिसते ते मुख्यतः इजेचे परिणाम असतात. शिवाय भ्रूण अनेक पेशींचा असतो आणि प्रत्येक पेशीत बदल वेगळा होतो, म्हणून हे रोप ठिगळांचे असते. एका फांदीत एक बदल, दुसरीत दुसरा. त्यातले बहुसंख्य बदल अप्रभावी असतात, म्हणजे जनुकाची दुसरी प्रत शाबूत असल्याने झाकले जातात.

पहिल्या पिढीच्या रोपांचे स्वपरागणातून मिळालेले बी वेगवेगळे ठेवून पेरले की दुसऱ्या पिढीत झाकलेले बदल उघडे पडतात. सर्वांत आधी दिसतात ती हरितद्रव्य बिघडलेली रोपे: पूर्ण पांढरी, पिवळी, फिकट हिरवी. पांढरी रोपे बियातला साठा संपला की मरतात. ती कामाची नसली तरी मात्रा लागू पडली की नाही, याची ती चांगली खूण आहेत. हवा तो बदल हजारो रोपांमागे एखाद्यात सापडतो, त्यानंतर तो टिकतो का हे पाहण्यात आणखी अनेक पिढ्या जातात.

ब्रिटनमध्ये १९५९ मध्ये म्युरियल हॉवर्थ यांनी ‘ॲटॉमिक गार्डनिंग सोसायटी’ काढली आणि हौशी लोकांनी किरण दिलेले बी आपापल्या बागेत पेरायला सुरुवात केली. उत्साह मनापासूनचा होता. पण बागेच्या वाफ्यात मावतात शेकड्यांनी रोपे, आणि इथला हिशेब हजारांचा आहे.

मग या मार्गाने उपयोगी वाण कधी निघाले आहेत का?

पुष्कळ. हर्मन मुलर यांनी १९२७ मध्ये फळमाशीवर क्ष-किरणांनी उत्परिवर्तने, म्हणजे जनुकांत पुढच्या पिढीत उतरणारे बदल, होतात हे दाखवले. १९४६ चे नोबेल त्यांना त्यासाठीच मिळाले. पाठोपाठ स्टॅडलर यांनी सातू आणि मक्यात तेच दाखवले, पण यातून शेतीला फार काही मिळेल असे त्यांना वाटत नव्हते. आज संयुक्त राष्ट्रांची अन्न व शेती संघटना आणि आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्था यांच्या एकत्रित नोंदवहीत उत्परिवर्तनातून निघालेले ३,४०० हून अधिक वाण आहेत.

अमेरिकेतला ‘कॅलरोझ ७६’ हा बुटका भात कोबाल्ट-६०च्या गॅमा किरणांतून निघाला. मद्यासाठी गाजलेला ‘गोल्डन प्रॉमिस’ सातू ब्रिटनमध्ये गॅमा किरणांनीच मिळाला. तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्राचा टीएजी-२४ हा बुटका आणि लवकर येणारा भुईमूग १९९१ चा. मला सर्वांत जास्त आवडते ती जपानी नाशपातीची कथा. जपानमध्ये १०० मीटर त्रिज्येचे एक गोल शेत होते, मधोमध कोबाल्टचा स्रोत. तिथे १९६२ मध्ये निजिस्सेकी जातीची झाडे लावली. या जातीला काळ्या ठिपक्यांचा बुरशीजन्य रोग फार. १९८१ मध्ये, एकोणीस वर्षांनी, एका झाडाच्या एकाच फांदीवर ठिपके नाहीत असे कुणाच्या तरी लक्षात आले. त्या फांदीपासून ‘गोल्ड निजिस्सेकी’ हा वाण तयार होऊन १९९० मध्ये बाहेर आला. त्या फांदीकडे नीट पाहणारा माणूस नसता तर किरणांनी केलेले काम तसेच वाया गेले असते.

दातांच्या क्ष-किरण यंत्राने किंवा विमानतळाच्या तपासणी यंत्राने बियांवर परिणाम होतो का?

दिसण्याजोगा नाही. दाताच्या एका चित्राला त्वचेपाशी एक-दोन मिलिग्रे मात्रा पडते. २०० ग्रे गाठायला तशी एक लाख चित्रे काढावी लागतील. सामानाच्या तपासणीत मात्रा आणखी कितीतरी कमी असते, त्यामुळे प्रवासात नेलेले बी निर्धास्तपणे पेरा.

शाळेत हा प्रयोग करायचा असेल तर?

किरण द्यायचे काम परवाना असलेल्या केंद्रातच होते, घरी किंवा वर्गात नाही. बी तिथून वेगवेगळ्या मात्रा देऊन आणता येते आणि ते हाताळायला पूर्ण सुरक्षित असते.

एकाच पिशवीतले बी घ्या. प्रत्येक मात्रेला निदान पन्नास बिया आणि तितक्याच किरण न दिलेल्या. पाकिटांवर मात्रा न लिहिता खुणेचा आकडा लिहा आणि कोणता आकडा म्हणजे कोणती मात्रा, ते मोजणाऱ्या मुलांना शेवटपर्यंत सांगू नका. याने निकालात जी सच्चाई येते ती महागड्या उपकरणाने येत नाही. ट्रे रोज फिरवून ठेवा, नाहीतर खिडकीजवळचा ट्रे नेहमीच जिंकेल. तिसऱ्या दिवशी उगवण मोजा आणि चौदाव्या दिवशी उंची. दोन्ही आलेख शेजारी काढले की उगवणीची रेघ बराच वेळ सपाट आणि उंचीची रेघ झपाट्याने उतरती, हे मुलांना स्वतःच दिसते.

किरण दिलेले बी स्वतः किरणोत्सर्गी होते का?

नाही. कोबाल्ट-६०च्या गॅमा किरणांची ऊर्जा अणुकेंद्र बदलण्याइतकी नसते. दिवा बंद केला की भिंत उजेड देत राहत नाही, तसेच. न्यूट्रॉनांनी मात्र काही मूलद्रव्ये किरणोत्सर्गी होऊ शकतात, म्हणून तसे बी तपासून, काही काळ थांबूनच बाहेर देतात.

किरण दिलेले कांदे-बटाटे पेरले तर उगवतील का?

नाही, आणि किरण देण्याचा हेतूच तो असतो. साठवणीत कोंब फुटू नयेत म्हणून त्यांना साधारण ५० ते १५० ग्रे देतात. भाताचे बी २०० ग्रेला उगवते आणि बटाटा १०० ग्रेला थांबतो, हे आधी विचित्र वाटते. बटाट्याचा डोळा म्हणजे पाण्याने भरलेली जिवंत विभाजी ऊती. कोरड्या बियातल्या निद्रिस्त भ्रूणाशी तिची तुलना होत नाही. डोळ्यातून कोंब यायला नव्या पेशी लागतात आणि त्याच बंद पडलेल्या असतात. बियाण्यासाठी बटाटे घेताना ते किरण दिलेले नाहीत, याची खात्री करून घ्यावी.

अतिनील किरणांचे काय?

ते डीएनएमधल्या शेजारच्या दोन घटकांना एकमेकांशी चिकटवतात. वनस्पतींकडे यावर एक सुरेख उपाय आहे: फोटोलायेज नावाचे विकर निळ्या प्रकाशाची ऊर्जा वापरून तो सांधा सोडवते. बियाचे टरफल अतिनील किरण बहुतांशी अडवते, म्हणून बियापेक्षा रोपावर परिणाम जास्त. अतिनील-बी (मध्यम तरंगलांबीच्या अतिनील) किरणांत वाढलेले रोप बुटके, जाड पानांचे होते आणि पानांच्या वरच्या थरात किरण शोषणारी फ्लेव्होनॉइडे साठवते.

मायक्रोवेव्ह, मोबाइल आणि वायफायमुळे रोपे मरतात का?

मायक्रोवेव्ह भट्टीत ठेवलेले बी मरते ते तापल्यामुळे. गरम तव्यावरही ते तसेच मरेल. मायक्रोवेव्हने उकळून थंड केलेले पाणी हे पाणीच असते.

वायफायबद्दल बरेच जण २०१३ मध्ये डेन्मार्कच्या शाळकरी मुलींनी केलेल्या प्रयोगाचा दाखला देतात. राउटरजवळचे हळीवाचे बी नीट उगवले नाही, असे त्यांना दिसले. प्रश्न विचारण्याची त्यांची धडाडी कौतुकाची आहे. पण चालू यंत्र गरम असते, त्याजवळची माती आणि कापूस लवकर सुकतो, आणि उगवत्या बियाला तेवढे पुरते. दोन्हीकडे तापमान आणि ओलावा सारखा ठेवून पाहिल्याशिवाय दोष लहरींवर ठेवता येत नाही.

अवकाशात ठेवलेले बी उगवते का?

अपोलो १४ या चांद्रमोहिमेत १९७१ मध्ये अंतराळवीर स्टुअर्ट रूसा यांनी सुमारे ५०० झाडांच्या बिया चंद्राभोवती फिरवून आणल्या. परतल्यावर निर्जंतुक करताना डबाच फुटला, तरी पुष्कळ बिया रुजल्या. १९८४ मध्ये टोमॅटोच्या १ कोटी २५ लाख बिया एका उपग्रहावर पाठवल्या. त्या जवळजवळ सहा वर्षांनी, १९९० मध्ये परत आल्या आणि शाळांना वाटल्या गेल्या. उगवणीत मोठा फरक दिसला नाही.

याहून कठोर परीक्षा आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकाच्या बाहेर झाली. तंबाखूच्या बिया आणि मोहरीच्या कुळातल्या अरेबिडॉप्सिस या लहान वनस्पतीच्या बिया तिथे दीड वर्ष निर्वात पोकळीत, सूर्याच्या थेट अतिनील किरणांत राहिल्या. त्यांतल्या २३ टक्क्यांपासून जिवंत रोपे झाली. अतिनील किरणांपासून झाकलेल्या बियांनी याहून चांगली साथ दिली.

चेर्नोबिलच्या परिसरातल्या झाडांचे काय झाले?

चेर्नोबिलच्या अणुवीज केंद्रातला २६ एप्रिल १९८६ चा अपघात पाइनच्या दृष्टीने सर्वांत वाईट वेळी झाला, कारण वसंतात त्यांचे कोंब वाढीला लागलेले होते. केंद्राजवळची पाइनची झाडे काही आठवड्यांत तांबूस होऊन मेली, म्हणून त्या भागाला ‘लाल जंगल’ नाव पडले. शेजारचे बर्च तगले. जगलेल्या कोवळ्या पाइनमध्ये शेंड्याचे वर्चस्व गेले आणि एका खोडाऐवजी अनेक फांद्यांची झुडपे झाली. जपानमधल्या फुकुशिमा अणुवीज केंद्राच्या अपघातानंतरही पाइन आणि फरमध्ये असाच बिघाड नोंदला गेला.

बियांच्या बाजूने पाहिले तर दूषित जमिनीत पेरलेला सोयाबीन आणि जवस उगवले, त्यांना बीही आले. मात्र त्या बियांतल्या प्रथिनांचे प्रमाण बदललेले आढळले. गव्हावरच्या एका अभ्यासात दूषित जमिनीत एका पिढीतच डीएनएच्या काही भागांतला उत्परिवर्तनांचा वेग सहापट निघाला. बाहेरून गहू गव्हासारखाच होता.

जमिनीतले सीझियम पिकात कसे शिरते?

मुळे सीझियमला पोटॅशियम समजून आत घेतात आणि स्ट्राँशियमला कॅल्शियम समजून. म्हणून दूषित जमिनीत पोटॅशियमचे खत भरपूर दिले की पिकात जाणारे सीझियम घटते, आणि चुना घातला की स्ट्राँशियम. सीझियम-१३७चे अर्धायुष्य सुमारे ३० वर्षे आहे. सूर्यफूल लावून जमीन स्वच्छ होते असे खूप बोलले गेले. फुकुशिमानंतर प्रत्यक्ष पाहिले तेव्हा त्याने फारच थोडे सीझियम उचलले, कारण चिकणमातीचे कण ते घट्ट धरून ठेवतात. वरचा मातीचा थर खरवडणे हाच तिथे खरा उपाय ठरला.

मातीतल्या नैसर्गिक किरणोत्सर्गाने बियांना काही होते का?

एका हंगामात नाही. पण शतके गेली तर? चीनमधल्या एका जुन्या तळ्याच्या गाळात सापडलेल्या कमळाच्या बियांनी याचे थोडे उत्तर दिले आहे. त्यांतली काही शेकडो वर्षांची होती, एक तर सुमारे १३०० वर्षांची, आणि ती रुजली. गाळातून त्यांना मिळालेली एकूण मात्रा ०.१ ते ३ ग्रेच्या दरम्यान होती. म्हणजे तेराशे वर्षांत तीन ग्रे धरले तरी वर्षाला सुमारे दोन मिलिग्रे. दाताच्या एका चित्राएवढी.

सुप्त बी हा सगळा काळ दुरुस्ती न करता पडून असते. घाव साठत जातात आणि पाणी मिळाल्यावर पहिल्या काही तासांत सगळे एकदम निस्तरावे लागतात. त्या कमळांनी ते बऱ्यापैकी निस्तरले. कोंब हिरवे आले, पाने पसरली. पण त्यांच्या वाढीत आणि पुढच्या रोपांत विकृतीही दिसल्या, आणि त्या किरणोत्सर्गाने होणाऱ्या विकृतींसारख्या होत्या. ‘उगवले’ एवढीच नोंद करून संशोधक थांबले असते तर त्या कधी कळल्याच नसत्या.